जनगणनेत आहे, जन्मनोंदीत नाही: एकोणिसाव्या शतकातला इंग्लिश पूर्वज कुठे अडकतो आणि कसा सोडवायचा

तक्रार बहुतेक वेळा एकच असते. माणूस १८६१, १८७१, १८८१ अशा तीन जनगणनांत ठळक दिसतो, बायकापोरांसकट. वय आहे, धंदा आहे, जन्मगावही लिहिलेलं आहे. पण जन्मनोंद शोधायला गेलं की जीआरओच्या, म्हणजे जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या, इंडेक्समध्ये एक तर काहीच मिळत नाही किंवा त्याच नावाचे सहा जण मिळतात. मग लोक सहापैकी सोयीचा एक उचलतात आणि त्याच्या आईबापांवर पुढच्या चार पिढ्या रचतात. पाया चुकलेला असतो, आणि ते कळेपर्यंत वंशावळीचं झाड बरंच वाढलेलं असतं.

असा माणूस सहसा कागदावर असतो. त्याच्या तोंडची माहिती आपल्या पडद्यावर येईपर्यंत तिच्या चार-पाच नकला झालेल्या असतात, आणि कुठल्या नकलेत गडबड झाली ते आपण पाहिलेलं नसतं. आईने किंवा शेजारणीने स्थानिक रजिस्ट्रारला सांगितलं, त्याने ऐकलं तसं लिहिलं. दर तिमाहीला त्याची नक्कल लंडनला गेली. तिथल्या कारकुनाने तीवरून इंडेक्स काढला. पुढे तो टाइप झाला, आणि आपल्या काळात कुणीतरी तो संगणकात भरला. शोध अडला की यातल्या कुठल्या पायरीवरचा कागद आपण बघतोय हे आधी ठरवायचं.

आधी वयाचा हिशोब नीट करा

एक काल्पनिक माणूस घेऊ: जोसेफ हॅडली, खिळे घडवणारा, स्टॅफर्डशरमधल्या रोली रेजिसचा. त्या भागात खिळे आणि साखळ्या घरोघरी घडत, त्यामुळे धंद्यावरून माणूस वेगळा काढता येणार नाही, हे लक्षात ठेवा. १८६१ मध्ये वय २२, १८७१ मध्ये ३३, १८८१ मध्ये ४१. सरळ वजाबाकी केली तर १८३९, १८३८, १८४० अशी तीन वर्षं येतात आणि माणूस गोंधळतो. सरासरी काढू नका. प्रत्येक जनगणनेची रात्र ठरलेली आहे: १८४१ ला ६ जून, १८५१ ला ३० मार्च, १८६१ ला ७ एप्रिल, १८७१ ला २ एप्रिल, १८८१ ला ३ एप्रिल. ७ एप्रिल १८६१ ला २२ वर्षांचा म्हणजे ८ एप्रिल १८३८ ते ७ एप्रिल १८३९ या दरम्यान जन्मलेला. असा पट्टा प्रत्येक नोंदीसाठी काढा.

मग वजन कुणाला द्यायचं? आईबापांच्या घरात असतानाच्या वयाला. १८५१ मध्ये जोसेफ बापाच्या घरी १२ वर्षांचा असेल, तर पट्टा ३१ मार्च १८३८ ते ३० मार्च १८३९. तो १८६१ च्या पट्ट्याशी जुळतो. चाळिशीतल्या माणसाने स्वतः सांगितलेलं ४१ सोडून द्यायला हरकत नाही. १८४१ ची जनगणना मात्र सांभाळून वापरा. तिथे पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणायची सूचना होती, म्हणून ३० लिहिलेला माणूस ३४ चाही असू शकतो. काही गणकांनी ही सूचना पाळलीच नाही. त्या वर्षी घरातली नाती लिहिली जात नव्हती, आणि जन्मगावाऐवजी याच काउंटीत जन्म झाला की नाही एवढंच विचारलं होतं.

जन्माचा पट्टा म्हणजे इंडेक्सची तिमाही नव्हे. इंडेक्स नोंदणीच्या तारखेने लागतो, आणि नोंदणीला ४२ दिवसांची मुदत होती. २० फेब्रुवारीला जन्मलेलं मूल ३ एप्रिलपर्यंत नोंदवता येई, म्हणजे ते जून तिमाहीत (एप्रिल ते जून) जाऊ शकतं. आपल्या जोसेफसाठी जून १८३८ ते जून १८३९ या पाच तिमाह्या आधी चाळायच्या, मग दोन्ही बाजूंना दोन-दोन वर्षं.

४२ दिवस उलटले की शुल्क पडे, आणि सहा महिने उलटले की सुरुवातीच्या कायद्याप्रमाणे नोंद होतच नसे. त्यामुळे उशीर झालेले पालक जन्मतारीख पुढे ढकलून सांगत. बाप्तिस्मा जन्माच्या आधी झालेला दिसला तर घाबरू नका. बाप्तिस्म्याची तारीख बरोबर आणि जन्मदाखल्यावरची खोटी, असं बऱ्याचदा असतं.

दोन इंडेक्स आहेत, दोन्ही बघा

फ्रीबीएमडी या स्वयंसेवकांच्या संकेतस्थळावर जुना तिमाही इंडेक्स भरलेला आहे. जीआरओच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा इंडेक्स २०१६ मध्ये आला आणि तो नोंदींच्या पानांवरून नव्याने केलेला आहे. एकातली चूक दुसऱ्यात असेलच असं नाही, म्हणून एकात नाही मिळालं तर लगेच दुसरीकडे वळा. जुन्या इंडेक्समध्ये आईचं माहेरचं आडनाव १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासून येतं. नव्यात ते १८३७ पासून आहे. या एका रकान्याने अर्धी कोडी सुटतात.

नव्या इंडेक्सच्या अटी मात्र जाचक आहेत. आडनाव द्यावंच लागतं, मुलगा की मुलगी ते सांगावं लागतं आणि एका शोधात दिलेल्या वर्षाच्या पुढेमागे दोनच वर्षं दिसतात. म्हणून पहिलं नाव रिकामं ठेवा, आडनाव हॅडली, आईचं माहेर समजा डार्बी, आणि वर्षं १८४०, १८४५, १८५०, १८५५ अशी घ्या. प्रत्येक वर्षासाठी एकदा मुलगे, एकदा मुली. आठ शोधांत १८३८ ते १८५७ पर्यंतची त्या जोडप्याची सगळी नोंदलेली मुलं समोर येतात. ती जनगणनेतल्या घराशेजारी मांडली की मधलं भगदाड कुठे आहे ते दिसतं.

माहेरचं आडनाव कळायचं कसं? जोसेफचा दाखला नाही, तर त्याच्या धाकट्या बहिणीचा मागवा. कितीतरी जण हा सोपा उपाय विसरतात. आईबाप तेच असतील तर भावंडाचा दाखला तितकाच उपयोगी. दाखल्यावर आईच्या नावापुढे 'लेट अमुक, फॉर्मर्ली तमुक' असं असेल तर ती आधी एकदा लग्न झालेली बाई आहे: अमुक हे पहिल्या नवऱ्याचं आडनाव, तमुक हे माहेरचं.

माहेरच्या रकान्यात नुसती रेघ असेल तर मूल बहुधा विवाहबाह्य आहे आणि आईच्या आडनावाखाली नोंदलेलं आहे. १८७५ पासून अशा मुलाच्या बापाचं नाव घालायला त्याने स्वतः हजर राहून सही करावी लागे. लग्नाआधी झालेलं पोर पुढे नवऱ्याच्या आडनावाने वाढलं तर जनगणनेत एक नाव आणि इंडेक्समध्ये दुसरं. हॅडली मिळत नसेल तर डार्बी घालून बघा. आई विधवा होऊन पुन्हा लग्न करून आली असेल तर उलट अडचण: मुलं सावत्र बापाच्या आडनावाखाली मोजली जातात. जनगणनेत आठ वर्षांच्या पोरापुढे 'सन-इन-लॉ' लिहिलेलं दिसलं तर तो जावई नाही, बायकोच्या आधीच्या लग्नाचा मुलगा आहे.

नाव ऐकून लिहिलेलं आहे, वाचून नव्हे

सांगणाऱ्याला बऱ्याचदा लिहिता येत नव्हतं, त्यामुळे स्पेलिंग तपासायला कुणी नव्हतंच. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत बोलताना सुरुवातीचा ह गळतो, म्हणून हॅडलीचा ॲडली होतो. आणि कधीकधी कारकून सुधारायला जाऊन नसलेला ह लावतो, म्हणजे ॲलनचा हॅलन. आपल्या नावाचे असे दोन्ही बाजूंचे अवतार कागदावर लिहून घ्या.

दुसरा घोळ हाताच्या वळणाचा. त्या काळच्या लिखाणात जोड 'एस'मधला पहिला लांब शेपटीचा असतो. तो 'एफ' किंवा 'पी'सारखा वाचला जातो, आणि रसेलचा इंडेक्समध्ये रुपेल होतो. मोठ्या अक्षरांत टी आणि एफ, एल आणि एस, एच आणि के, जे आणि आय एकमेकांत मिसळतात. पहिलंच अक्षर चुकलं तर सारख्या उच्चारांचा शोध काही कामाचा नाही. फ्रीबीएमडीवर तारांकन चालतं, तेव्हा सुरुवातीचं अक्षर गाळून उरलेला भाग तारांकनासह शोधा. तिथेही नाही मिळालं तर आडनाव पूर्ण सोडा आणि पहिलं नाव, जिल्हा, तिमाही एवढ्यावर शोधा. नाव जोसेफ असेल तर यादी लांब येईल. एबेनेझर असेल तर पाच मिनिटांत काम होईल.

टोपणनावं वेगळी. पॉली म्हणजे मेरी, नॅन्सी म्हणजे ॲन, सॅली म्हणजे सारा, पेगी म्हणजे मार्गारेट, फॅनी म्हणजे फ्रान्सिस, हॅरी म्हणजे हेन्री. शिवाय नाव न ठरलेली मुलं इंडेक्समध्ये आडनावाच्या यादीच्या शेवटी नुसती 'मेल' किंवा 'फीमेल' अशी असतात. ती जागा बघायची राहून जाते.

जन्मगाव तीन, जिल्हा एक

जोसेफ १८६१ मध्ये 'रोली, स्टॅफर्डशर' म्हणतो, १८७१ मध्ये 'डडली, वूस्टरशर' आणि १८८१ मध्ये 'ओल्ड हिल'. हे तीन वेगळे जोसेफ आहेत असं समजू नका. ओल्ड हिल ही रोली रेजिसमधलीच वस्ती. आणि डडली शहर स्टॅफर्डशरच्या पोटात असलेला वूस्टरशरचा सुटा तुकडा होता. त्याच्या नोंदणी जिल्ह्यात स्टॅफर्डशरमधलं रोली रेजिस, टिप्टन आणि सेजलीही येत. म्हणजे तिन्ही उत्तरांचा नोंदणी जिल्हा डडलीच. नोंदणी जिल्हे गरीब-कायद्याच्या युनियनवरून, म्हणजे गरिबांना आधार देण्यासाठी केलेल्या गावांच्या गटांवरून, आखलेले होते, त्यांनी काउंटीच्या सीमा मुळीच जुमानल्या नाहीत. शोधपेटीत काउंटीची गाळणी लावून बसलात तर नेमकी हवी ती नोंद गाळली जाते.

माणूस गावापासून जितका दूर, तितकं जन्मगाव ढोबळ होतं. शेजारच्या गणकाला वस्तीचं नाव सांगणारा लंडनला गेल्यावर जवळच्या मोठ्या शहराचं नाव सांगतो. शिवाय थोडं खोटं बोलण्याला कारणही होतं. आधाराची वेळ आली तर गरीब माणसाला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावात, हाकलता येई, म्हणून 'इथलाच' म्हणणं सुरक्षित वाटे. हाकलता न येण्यासाठी १८४६ च्या कायद्याने पाच वर्षांचा सलग रहिवास लागे. १८६१ मध्ये तो तीन वर्षांवर आणि १८६५ मध्ये एका वर्षावर आला. हाकलण्याचे हुकूम आणि त्याआधीचे जबाब काउंटीच्या अभिलेखागारात मिळतात. अशा एका जबाबात जन्मगाव, बापाचं गाव, कुठे नोकरी केली, लग्न कुठे झालं, सगळं एका पानावर असू शकतं. ऑनलाइन झाड बनवणारे तिकडे फिरकतही नाहीत.

फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर १८५१ च्या पॅरिश-सीमांचा नकाशा आहे. त्यात गाव टाकून आजूबाजूच्या पाच मैलांतल्या पॅरिश काढा आणि शोध त्या यादीने चालवा.

पॅरिशच्या वह्या

सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली; त्याच्या आधीचा माणूस असेल तर सगळा भार चर्चवर. १८१३ पासून बाप्तिस्मा आणि दफनासाठी छापील रकाने आहेत. बाप्तिस्म्यात आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण आणि बापाचा धंदा मिळतो. १७५४ पासून लग्नंही छापील नमुन्यावर, पण बापाचं नाव लग्नाच्या नोंदीत १८३७ च्या मध्यापासूनच येतं. तेही डोळे झाकून घेऊ नका. बाप नसलेल्या वराने आजोबाचं किंवा सावत्र बापाचं नाव सांगितलेलं असतं, कधी नुसतं कल्पनेतलं. 'फुल एज' म्हणजे २१ किंवा त्याहून जास्त, त्यापलीकडे त्यातून काही काढू नका.

बाप्तिस्मा जन्मानंतर लगेच झाला हे गृहीत धरू नका. चार भावंडांचा एकाच रविवारी उरकलेला दिसतो. गावच्या चर्चमध्ये नाही मिळाला तर घर नॉनकन्फर्मिस्ट, म्हणजे अँग्लिकन चर्चबाहेरच्या पंथाचं, असेल: मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, इंडिपेंडंट. अशा चॅपलांच्या बऱ्याच जुन्या वह्या सरकारजमा झाल्या आणि आज लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आरजी ४ या मालिकेत आहेत. क्वेकरांच्या आरजी ६ मध्ये. पण १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर आणि ज्यू सोडले तर सगळ्यांना लग्न अँग्लिकन चर्चमध्येच करावं लागे. म्हणून चॅपलवाल्यांचंही लग्न पॅरिशच्या वहीतच शोधा.

वही हरवली असेल किंवा पान किडीने खाल्लं असेल तर बिशपकडे दरवर्षी पाठवलेली नक्कल बघा. दोन्ही असतील तर दोन्ही बघा. एकात गाळलेला तपशील दुसऱ्यात असतो. आणि संकेतस्थळावर 'नोंद नाही' दिसलं तर आधी ती पॅरिश त्या संग्रहात आहे का आणि कुठल्या वर्षांपासून आहे ते तपासा. स्टॅफर्डशरच्या वह्या फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर, लंडनच्या अँसेस्ट्रीवर. भलत्या ठिकाणी महिनाभर शोधणारे कमी नाहीत.

लग्नच सापडत नाही, तेव्हा ते झालं होतं का हा प्रश्न विचारायला लाजू नका. १८५८ पूर्वी संसदेत खास कायदा करून घेण्याची ऐपत नसेल तर घटस्फोट आणि पुनर्विवाह अशक्य होता. वेगळे झालेले लोक दुसरा संसार थाटून नवराबायको म्हणूनच राहत, आणि पहिला जोडीदार गेल्यावर साठीत गुपचूप लग्न करत. म्हणून शोध थोरल्या मुलाच्या जन्माच्या आधीच थांबवू नका, शेवटच्या मुलानंतरही वीस वर्षं पुढे जा. वारलेल्या बायकोच्या बहिणीशी लग्न १८३५ च्या कायद्याने रद्दबातल ठरे, १९०७ पर्यंत. अशी जोडपी ओळखीचा कुणी नसेल अशा मोठ्या शहरात जाऊन लग्न लावत.

उमेदवाराला आधी मारून बघा

सहा जोसेफ मिळाले तर कुठला आपला हे ठरवण्याआधी कुठले नाहीत ते ठरवा. मृत्यूची नोंदणी जन्मापेक्षा बरीच पक्की होती, आणि त्या काळात बालमृत्यू भरपूर. प्रत्येक उमेदवारासाठी त्याच जिल्ह्यात पहिल्या पाच वर्षांतला मृत्यू शोधा. जीआरओच्या नव्या इंडेक्समध्ये १८३७ पासून मृत्यूचं वय आहे. जुन्यात ते १८६६ पासून. एक खबरदारी: नव्या इंडेक्समध्ये महिने किंवा आठवडे कधीकधी वर्षं म्हणून भरले गेलेत. तीन महिन्यांचं बाळ तीन वर्षांचं दिसतं. शंका आली तर दफनाची नोंद बघा. मूल वारलं की पुढच्या मुलाला तेच नाव देण्याची रीत होती, म्हणून एकाच घरात दोन जोसेफ निघाले तर धाकटा आपला.

जे उरतील त्यांना १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत पुढे न्या. दुसऱ्या आईबापांच्या घरी वाढताना दिसला तो बाद. यासाठी नक्कल नव्हे, मूळ पानाचं चित्र उघडा. लंडनच्या कारकुनांनी मोजताना वयांवर रेघा मारल्या आहेत, त्यामुळे ३ चा ८ झालेला दिसतो. शेजारची घरंही वाचा. मामा, आजी, पुढे लग्नात साक्षीदार होणारा माणूस तिथेच कुठेतरी असतो.

आपल्याकडून सुरू होणारा माग

काही जण इंग्लंडच्या इंडेक्समध्ये नसतातच, कारण त्यांचा जन्म मुंबईत, पुण्यात किंवा कुलाब्याच्या बराकीत झालेला असतो. जनगणनेत जन्मगाव 'ईस्ट इंडीज' असेल तर जीआरओचा साधा इंडेक्स बाजूला ठेवा. मुंबई इलाख्याच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नकला ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस अभिलेखांत एन/३ मालिकेत आहेत, आणि फाइंडमायपास्टवर त्यांची चित्रं दिसतात. कामठीला जन्मलेला असेल तर मद्रासची एन/२ आधी बघा. छावणी आज महाराष्ट्रात असली तरी तिथे मद्रासचं सैन्य होतं. राणीच्या पलटणीतल्या शिपायाचं मूल जीआरओच्या रेजिमेंटल वह्यांतही सापडू शकतं.

उलट दिशेने, शिवडी किंवा खडकीच्या दफनभूमीतल्या दगडावरून इंग्लंडमधलं गाव काढायचं असेल तर दगडावरच्या वयावर विसंबू नका. ब्रिटिश सैन्यातून पेन्शन घेऊन सुटलेल्या शिपायाच्या कागदांत, डब्ल्यूओ ९७ मालिकेत, जन्माची पॅरिश असते. कंपनीच्या अधिकाऱ्याचे कॅडेट अर्ज एल/एमआयएल/९ मध्ये आहेत आणि त्यांना बाप्तिस्म्याचा उतारा जोडलेला असतो. तिथे घराचा पत्ता आयताच हाती येतो.

शेवटी स्थानिक कार्यालय

सगळं करूनही हाती काही नाही, पण जिल्हा आणि पट्टा पक्का आहे, तर मूळ वही ज्या कार्यालयात आहे तिथे लिहा. लंडनला गेलेली नक्कल करताना गळलेली नोंद मूळ वहीत असू शकते. जीआरओचा खंड-पान क्रमांक तिथे उपयोगाचा नाही. यूकेबीएमडी या संकेतस्थळावर काही भागांचे स्थानिक इंडेक्स आहेत, त्यात त्यांचा स्वतःचा क्रमांक मिळतो. जुने जिल्हे मोडून नवे झालेत, रोली रेजिस आज सँडवेलमध्ये आहे, तेव्हा वही कुणाकडे गेली ते आधी विचारा. अर्जात नावाचे सगळे अवतार, तिमाह्या, आईबापांची नावं आणि 'आईचं माहेर जुळलं तरच दाखला द्या' ही अट स्पष्ट लिहा. लग्नाच्या बाबतीत तर चर्चची मूळ वहीच बघा: लंडनच्या नकलेतल्या सह्या कारकुनाच्या हातच्या असतात, खऱ्या सह्या आणि अंगठ्याऐवजी केलेल्या फुल्या मूळ वहीतच. दोन जोसेफांच्या सह्या शेजारी ठेवल्या की एकाला लिहिता येत होतं आणि दुसऱ्याला नाही, एवढ्यावरही निकाल लागतो.